पगार कमी, तरी जोडीदाराला भेटीला बोलवायचंय: ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिजासाठी पैशांचा पुरावा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांच्या बोलण्यात एक आकडा सारखा येतो: २९,००० पौंड. "वर्षाला एवढा पगार नसेल तर बायकोला बोलावताच येत नाही," असं कुणीतरी ठामपणे सांगतं आणि बावीस-तेवीस हजार कमावणारा माणूस अर्जाचा नादच सोडून देतो. आकडा खरा आहे, पण तो या व्हिजाचा नाही. तो स्पाउस व्हिजाचा, म्हणजे जोडीदाराने ब्रिटनमध्ये येऊन संसार थाटण्याचा. ११ एप्रिल २०२४ रोजी तो १८,६०० वरून २९,००० वर नेला गेला. जोडीदार चार आठवडे भेटायला येऊन परत जाणार असेल तर लागतो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिजा, आणि त्याच्या नियमांत किमान उत्पन्नाचा आकडाच दिलेला नाही. पगाराचा नाही आणि बँकेतल्या शिलकेचाही नाही.

हा गोंधळ किती महागात पडतो ते बघा. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षं आणि त्यावरील कामगारांसाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षभर काम केलं तरी हिशोब येतो साधारण २३,८०० पौंडांचा. म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनावर पूर्णवेळ राबणारा माणूस एकट्याच्या पगारावर २९,००० ची अट पुरी करूच शकत नाही. अशा माणसाला भेटीचा व्हिजासुद्धा मिळणार नाही असं वाटायला लावणं हा त्याच्यावर दुहेरी अन्याय आहे.

त्यात अलीकडे आणखी दोन दारं बंद झाली. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्स अभ्यासक्रमांना येणाऱ्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला डिपेंडंट, म्हणजे अवलंबून असलेला कुटुंबीय, म्हणून आणता येत नाही. ती सवलत मुख्यतः संशोधनाच्या अभ्यासक्रमांपुरती उरली. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करनाही, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांनाही, तीच बंदी लागू झाली. हे दोन्ही गट कमी पैशांत दिवस काढणारे. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला बहुतेक वीस तासांचीच मुभा, आणि केअरचं काम किती कष्टाचं आणि पगार किती बेताचा हे करणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे नवरा-बायकोने एकमेकांना भेटायचं तर व्हिजिटर व्हिजा हीच त्यांच्यासाठी वाट उरते.

वाट आहे, पण ती डिपेंडंट व्हिजाची पळवाट नाही. हे मी सुरुवातीलाच सांगतोय, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

नियम नेमकं काय विचारतो

व्हिजिटरचे नियम ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या 'अपेंडिक्स व्ही' या भागात आहेत. पैशांबद्दलची अट सोप्या शब्दांत अशी: येणाऱ्या माणसाकडे भेटीचा सगळा वाजवी खर्च भागवण्याइतके पैसे हवेत, परतीच्या प्रवासासकट, आणि त्यासाठी त्याला तिथे काम करावं लागू नये की सरकारी मदतीवर अवलंबून राहावं लागू नये. हे पैसे स्वतःचे असू शकतात किंवा दुसरं कुणी खर्च उचलू शकतं. दुसरं कुणी उचलणार असेल तर त्या माणसाबद्दल तीन गोष्टी पटाव्या लागतात. त्याचं येणाऱ्याशी खरंखुरं वैयक्तिक किंवा व्यावसायिक नातं आहे, तो स्वतः ब्रिटनमध्ये बेकायदा राहत नाही, आणि भेट संपेपर्यंत तो खर्च उचलू शकतो आणि उचलेल.

'शकतो' आणि 'उचलेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उचलेल की नाही, याची शंका नवरा-बायकोच्या बाबतीत सहसा येत नाही. उचलू शकतो का, याचंच उत्तर कागदांवर द्यायचं असतं.

अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत पैशांची ठरावीक पातळी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यांना बघायचं असतं ते असं: उत्पन्न किंवा बचत यांतून घरभाडं, कर्ज, अवलंबून असलेली माणसं असे नेहमीचे खर्च वजा केल्यावर जे उरतं त्यात ही भेट बसते का, आणि या घराच्या परिस्थितीत एवढा खर्च करणं वाजवी वाटतं का. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. महिन्याला तीनशे पौंड मागे टाकणाऱ्या माणसाने चार हजारांची सहल आखली, तर पैसे कसेबसे जमले तरी प्रश्न पडतोच की हा माणूस एका भेटीवर आपली सगळी पुंजी का उधळतोय. बायकोला परत पाठवायचंच नाही की काय?

म्हणजे कमी पगारात व्हिजा मिळवायचा पहिला उपाय बँकेत नाही, कॅलेंडरवर आहे. भेट छोटी ठेवा. व्हिजिटर व्हिजावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं म्हणून सहा महिने मागायची गरज नाही. तीन-चार आठवड्यांचा खर्च बेताच्या पगारातही बसवून दाखवता येतो, सहा महिन्यांचा बसवताना ओढाताण होते. शिवाय सहा महिने रिकामं राहू शकणाऱ्या माणसाला मागे परत जायला आहे तरी काय, अशी शंका अधिकाऱ्याच्या मनात आपणहून पेरली जाते. पहिली भेट छोटी, वेळेत परत, मग दुसरी. मला हाच क्रम शहाणपणाचा वाटतो.

फॉर्ममधले आकडे

ऑनलाइन अर्जात पैशांचे प्रश्न अगदी थेट असतात. महिन्याला किती मिळवता, महिन्याला किती खर्च करता, या भेटीवर स्वतः किती खर्च करणार आहात, दुसरं कुणी खर्च करणार आहे का, कोण, किती आणि का. फॉर्म भरणारा ही उत्तरं अंदाजपंचे टाकतो, बँकेची स्टेटमेंट नंतर गोळा करतो, आणि दोन्ही एकमेकांशी भांडतात. समजा, बायकोने मासिक उत्पन्न लिहिलं चारशे पौंडांइतकं, खात्यात जमा दिसतंय अडीचशेचं. उरलेलं रोख मिळतं हे तिला माहीत आहे, अधिकाऱ्याला कसं कळणार? नकाराच्या पत्रात मग छापील वाटावं असं वाक्य येतं की तुम्ही सांगितलेलं उत्पन्न तुमच्या खात्याशी जुळत नाही, म्हणून तुमची आर्थिक परिस्थिती तुम्ही सांगता तशी आहे याची मला खात्री नाही.

म्हणून उलट्या दिशेने जा. आधी दोघांचीही गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट समोर घ्या, त्यातून सरासरी काढा, आणि तेच आकडे फॉर्ममध्ये लिहा. आकडा लहान आहे म्हणून लाजायचं कारण नाही. फुगवलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा कागदाशी जुळणारा लहान आकडा कितीतरी बळकट.

एक उदाहरण करून बघू. आकडे समजण्यापुरते आहेत. नवरा ब्रिटनमध्ये किमान वेतनावर पूर्णवेळ काम करतो. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेसाठीची पगारातली कपात) कापून हातात महिन्याला साधारण १,७०० पौंड येतात. एका घरातली खोली, वीज-गॅससकट ६५०. खाणंपिणं २००, कामावर ये-जा १००, फोन २०, बायकोला दरमहा २००. एकूण ११७०. उरले ५३०. त्यातले तीस इकडेतिकडे गेले असं धरू. चार महिन्यांत त्याच्या खात्यात दोन हजार साठलेत आणि स्टेटमेंटवर ते महिन्यामहिन्याने वाढताना दिसताहेत.

आता भेटीचा खर्च. विमानाचं येण्याजाण्याचं तिकीट ६००. राहायला त्याच्याच खोलीत, म्हणजे जादा भाडं नाही. चार आठवड्यांचं तिचं खाणं १८०, फिरणं आणि प्रवास २५०, प्रवासविमा ५०. व्हिजाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली, ती अर्जाच्या वेळीच गेलेली. सगळं मिळून बाराशेच्या आसपास. साठलेल्या दोन हजारांत हे बसतं, वर आठशे उरतात, आणि चालू महिन्याचा पगार आहेच. या माणसाचा पगार २९,००० च्या बराच खाली आहे, पण त्याचा हिशोब पूर्ण आहे. अधिकाऱ्याला हवा असतो तो हाच.

असा हिशोब एका पानावर मांडून जोडा. कुणी मागत नाही, पण कमी उत्पन्नाच्या अर्जात हे एक पान बाकी चाळीस पानांइतकं काम करतं. कारण अधिकाऱ्याकडे वेळ थोडा असतो, आणि हिशोब तुम्ही मांडला नाहीत तर तो त्याच्या अंदाजाने मांडेल. त्याच्या अंदाजात तुमचं भाडं कमी आणि बायकोचं जेवण फुकट असण्याची शक्यता नाही.

खात्यात अचानक आलेले पैसे

आपल्याकडे याला 'बॅलन्स दाखवणे' म्हणतात. मेव्हण्याकडून दोन-तीन हजार घ्यायचे, पंधरा दिवस खात्यात ठेवायचे, स्टेटमेंट काढायचं, पैसे परत करायचे. एजंटही हा सल्ला बिनदिक्कत देतात. यातला घोटाळा असा की स्टेटमेंटवर फक्त शेवटची शिल्लक छापलेली नसते, ती कशी झाली हेही छापलेलं असतं. पाच महिने शिल्लक तीनशेच्या पुढे गेली नाही आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक तीन हजार झाली, तर अधिकाऱ्याला ती शिल्लक दिसतच नाही, ती उडी दिसते. हे पैसे कुणाचे, कुठून आले, भेटीसाठी खरंच वापरता येणार आहेत का, हे कळत नाही म्हणून तो ते मोजत नाही. उसने पैसे आणून तुम्ही पुरावा वाढवत नाही, आहे त्या खऱ्या पुराव्यावरही संशय ओढवून घेता.

मोठी रक्कम खरीच आली असेल तर तिची गोष्ट कागदासह सांगा. ठेव मुदत संपून आली तर बँकेचा कागद, गाडी विकली तर विक्रीचा, बोनस मिळाला तर पगाराची पावती, भिशी लागली तर निदान तसं स्पष्ट पत्र आणि दरमहा भरलेल्या हप्त्यांच्या नोंदी. घरात साठवलेली रोकड एकदम बँकेत भरणं हा यातला सगळ्यात कमकुवत प्रकार, कारण रोकडीला मागचा पत्ता नसतो. अर्ज करायला सहा महिने असतील तर आजपासूनच दर महिन्याला थोडे थोडे भरत जा, म्हणजे खुलाशाची वेळच येणार नाही.

आणि मेव्हण्याला खरोखर मदत करायची असेल तर? मग ती उघडपणे करू द्या. नियमात तिसऱ्या माणसाची तरतूद आहेच. तिकीट मेव्हणा काढतोय असं फॉर्ममध्ये लिहा, त्याचं पत्र, त्याच्या पगाराच्या पावत्या, त्याची स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडा. तेच पैसे, तोच माणूस. लपवलं तर संशय, सांगितलं तर आधार. मला हे नेहमीच नवल वाटतं की लोक बनावटीला चतुराई समजतात आणि सरळ मार्गाला भोळेपणा.

बनावट स्टेटमेंट किंवा खोटं नोकरीचं पत्र यांबद्दल फार लिहीत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात, आणि पुढे कधी स्पाउस व्हिजाचा विचार असेल तर तिथेही ते भूत उभं राहतं.

बोलावणाऱ्याचे कागद

पगाराच्या पावत्या आणि त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट, दोन्ही एकमेकांशी जुळणारी: पावतीवर १,७१२ तर खात्यातही त्याच तारखेला १,७१२. वर्षाचा पी-सिक्स्टी, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाचा दाखला, असेल तर तो. नोकरी देणाऱ्याचं पत्र, त्यात कधीपासून काम करता, पद, पगार आणि संपर्क. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असल्याचा पुरावा. भाडेकरार, आणि घर इतरांबरोबर वाटून घेतलेलं असेल तर घरमालकाचं दोन ओळींचं पत्र की अमुक तारखा पाहुणी राहायला त्याची हरकत नाही. खोलीत राहणाऱ्यांच्या अर्जात हे पत्र हमखास राहून जातं. घर आधीच दाटीवाटीचं असेल तर प्रश्न उठतो, म्हणून घरात किती खोल्या, किती माणसं हेही त्या पत्रात येऊ द्या.

खातं दर महिन्याच्या शेवटी ओव्हरड्राफ्टमध्ये जात असेल तर थांबा. पगार कितीही असो, उणे शिल्लक सांगते की या माणसाचं स्वतःचंच भागत नाही. दोन-तीन महिने ते सावरा, मग अर्ज करा. क्रेडिट कार्डची मर्यादा म्हणजे पैसे नव्हेत. ब्रिटिश सरकारच्या कागदपत्रांच्या मार्गदर्शिकेत तर फारसे उपयोगाचे नसलेल्या कागदांची यादीच दिली आहे. क्रेडिट कार्डची स्टेटमेंट त्यात आहेत, एक वर्षाहून जुनी बँक स्टेटमेंट आहेत, ड्रायव्हिंग लायसन्स, व्यक्तिगत फोटो, हॉटेलची बुकिंगं आहेत, आणि बहुतेकांना धक्का देणारी गोष्ट म्हणजे विमानाची बुकिंगंही आहेत. व्हिजा हातात येण्याआधी तिकीट काढून पैसे अडकवू नका असं सरकारच सांगतंय आणि लोक 'परत जाण्याचा पुरावा' म्हणून परतीचं तिकीट जोडतात. परतीचं तिकीट फाडता येतं, त्याने कुणी परत जात नाही.

लग्नाचं प्रमाणपत्र लागेलच. ते, किंवा दुसरा कुठलाही कागद, इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसेल तर पूर्ण भाषांतर हवं. भाषांतरकाराने ते अचूक असल्याचं लिहून त्यावर तारीख, नाव, सही आणि संपर्क द्यायचा असतो. घरातल्या कुणीतरी कागदाच्या मार्जिनमध्ये इंग्रजी लिहून दिलेलं चालत नाही.

बोलावणाऱ्याच्या पत्राबद्दल एवढंच: ते प्रेमपत्र नको आणि हमीपत्राच्या भाषेतलं घोषणापत्रही नको. "मी तिचा सर्व खर्च करण्यास समर्थ असून सर्वस्वी जबाबदार राहीन" या वाक्याला वजन नाही, कारण ते कुणीही लिहितं. त्याऐवजी लिहा की मी अमुक ठिकाणी अमुक पगारावर काम करतो, भाडं एवढं, उरतात एवढे, गेल्या चार महिन्यांत एवढे साठवले, त्यातून तिकीट आणि तिचा खर्च करणार आहे. त्या चार आठवड्यांत मी दोन आठवडे रजा घेतली आहे, रजेचं पत्र सोबत आहे. हे शेवटचं छोटं वाक्य फार कमी लोक लिहितात. नवरा रोज बारा तास ड्युटीवर आणि बायको 'फिरायला' येतेय, हे चित्र जुळत नाही.

तिची बाजू

बहुतेक फायलींत वजन उलटं पडलेलं असतं. बोलावणाऱ्याची चाळीस पानं, येणाऱ्याचं एक. अर्जदार ती आहे. नकार तिला येतो, आणि तो बहुधा तिच्या परिस्थितीवरून येतो. 'खरा पाहुणा' ही या व्हिजाची मूळ कसोटी: भेट संपल्यावर परत जाईल, वारंवार येऊन ब्रिटनलाच घर करणार नाही, मनाई असलेलं काम करणार नाही, आणि खर्चाची सोय आहे. पैसे हा त्यातला एक भाग, पण अधिकारी पैशांच्या कागदांतूनच परत जाण्याचा प्रश्नही सोडवत असतो.

आणि इथे नवरा-बायकोचं नातं दुधारी आहे. खर्च कोण आणि का करतोय, याचं उत्तर त्या नात्याने आपोआप मिळतं. पण त्याच नात्यामुळे पुढचा प्रश्न येतो की नवरा तिथे आहे तर ही परत कशाला जाईल. हा प्रश्न टाळू नका, त्याला उत्तर द्या.

नोकरी असेल तर सोपं: मंजूर रजेचं पत्र, परत रुजू होण्याची तारीख, पगार जमा होत असल्याची स्टेटमेंट. पगार थोडा असला तरी दर महिन्याला न चुकता येणारा पगार बोलका असतो. घरून ऑनलाइन काम करत असाल तर "तिथूनच काम करीन, म्हणून सहा महिने राहीन" असं लिहू नका. व्हिजिटरला दूरस्थ कामाची थोडी मुभा ३१ जानेवारी २०२४ पासून आहे, पण ते येण्याचं मुख्य कारण असता कामा नये.

गृहिणीचा अर्ज अवघड, अशक्य नव्हे. तिच्या नावावर उत्पन्न नसेल तर तसं सरळ लिहावं: उत्पन्न नाही, घरखर्च नवरा पाठवतो, तो दर महिन्याला असा येतो. नवऱ्याच्या खात्यातून गेलेली आणि तिच्या खात्यात आलेली रक्कम, तारखांसह, हा एकाच वेळी दोन गोष्टींचा पुरावा आहे: नातं जिवंत आहे, आणि हा माणूस तिचा खर्च आधीपासून उचलतोच आहे. चॅटच्या शंभर पानांपेक्षा बारा महिन्यांच्या बारा नोंदी भारी पडतात. परतीच्या बाजूने मुलांची शाळा, तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरे किंवा आई-वडील, चालू अभ्यासक्रम, परीक्षेच्या तारखा, तिच्या नावावरची मालमत्ता, यांपैकी जे खरं असेल ते कागदासह. नसलेलं काही निर्माण करायला जाऊ नका. तिच्या नावावर घाईघाईने हस्तांतरित केलेली जमीन बॅलन्स दाखवण्याइतकीच कच्ची दिसते.

पुढे स्पाउस व्हिजासाठी अर्ज करायचा विचार असेल तर लपवायचं का? नाही. व्हिजिटर म्हणून आत येऊन तिथूनच स्पाउस व्हिजावर बदल करता येत नाही, हा नियमच आहे. तो माहीत असल्याचं पत्रात लिहा: पगार त्या पातळीला पोचला की बाहेरून रीतसर अर्ज करू, तोवर ही फक्त भेट. लपवलेल्या इराद्यापेक्षा सांगितलेली योजना जास्त विश्वासाची वाटते, असं माझं मत आहे.

दुसऱ्या देशांत चित्र थोडं वेगळं, त्याची धावती नोंद. अमेरिकेच्या बी-टू या भेटीच्या व्हिजाला बोलावणाऱ्याचं आर्थिक हमीपत्र लागतच नाही, तिथलं परराष्ट्र खातं हे उघड सांगतं. सगळा भर अर्जदाराच्या मायदेशातल्या बंधांवर आणि मुलाखतीवर. कॅनडाच्या कायद्यात मात्र पुढे कायमचं यायची इच्छा असणं हे आज तात्पुरतं येण्याच्या आड येत नाही असं कलमच आहे, फक्त मुदतीत परत जाल हे पटवावं लागतं. जर्मनीत यजमान परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन खर्चाची कायदेशीर हमी देऊ शकतो, त्याचं उत्पन्न तिथेच तपासलं जातं; ते अपुरं ठरलं तर पाहुण्याला स्वतःचे पैसे दाखवावे लागतात, दिवसाला ४५ युरो हे तिथलं प्रमाण. आणि युरोपियन युनियनचा नागरिक स्वतःच्या देशाबाहेर युनियनमधल्या दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्या जोडीदाराला शेंगेन व्हिजा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा सामायिक व्हिजा) फी न घेता मिळतो आणि निर्वाहाच्या पैशांचे पुरावेही मागितले जात नाहीत. हे माहीत नसल्याने लोक उगाच फाइल फुगवतात.

नकार आला तर

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिजाला सर्वसाधारण अपील नाही, फीही परत मिळत नाही. पुन्हा अर्ज मात्र कधीही करता येतो. नकाराचं पत्र रागाने बाजूला टाकू नका, त्यातली कारणं वाक्यावाक्याने वेगळी करा. 'खात्यातल्या या जमेचा उगम कळला नाही' याला उत्तर कागदाने देता येतं. 'तुमचं उत्पन्न बघता हा खर्च वाजवी वाटत नाही' याला उत्तर भेट छोटी करणं किंवा दुसरा आधार देणं. 'तुमचे तुमच्या देशात पुरेसे बंध दिसत नाहीत' हे सर्वात चिवट. परिस्थितीत खरंच काही बदललं नसेल तर तीच फाइल महिन्याभरात पुन्हा पाठवून हाती दुसरा नकार येईल. नवीन अर्जात जुना नकार सांगावाच लागतो, आणि जुन्या अर्जातले आकडे त्यांच्याकडे असतात. पहिल्यांदा भाडं ६५० लिहिलं होतं आणि आता ४००, तर कारण द्या. निर्णय सहसा तीन आठवड्यांत येतो आणि प्रवासाच्या आधीच्या तीन महिन्यांतच अर्ज करता येतो, त्याहून आधी नाही. त्यामुळे सणावाराला किंवा बारशाला यायचं असेल तर एका नकाराची आणि दुसऱ्या अर्जाची जागा धरून तारखा आखा.

व्हिजा मिळाला तरी विमानतळावर अधिकारी प्रश्न विचारू शकतो, म्हणून पत्र, हिशोबाचं पान, घराचा पत्ता आणि विम्याचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. विमा सक्तीचा नाही, पण व्हिजिटरला सरकारी रुग्णालयात बहुतेक उपचारांचे मूळ दराच्या दीडपट पैसे भरावे लागतात, आणि बेताच्या पगारात एक मोडलेला हात वर्षाची बचत खाऊ शकतो. नवरा कुठे काम करतो, घर कुठल्या गावात, किती दिवस राहणार, खर्च कोण करतंय, ही उत्तरं तिला फाइलमध्ये न बघता देता आली पाहिजेत. फॉर्म नवऱ्याने रात्री बसून एकट्याने भरला असेल, तर तिने तो निघण्याआधी एकदा पूर्ण वाचावा.